लुगडं अडवून धरलं तो दिवस

नणंद गेली त्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिची सगळी भावकी माझ्यापुढं हात जोडून उभी होती. मी बाकड्यावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत नवं इरकल लुगडं. ते मी काढून द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी देत नव्हते. आयुष्यात एवढी माणसं माझ्या विनवण्या करताना मी कधी पाहिली नव्हती. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातसुद्धा मला थोडं बरं वाटत होतं.

आमच्याकडची रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाई सासरी मेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. माहेरचं माणूस आलं, त्यानं लुगडं घातलं, मग उचलायचं. बाई सत्तरीची असो की विशीची, माहेरी आईबाप असोत की नसोत, रीत तीच. नणंदेचा सख्खा भाऊ म्हणजे माझा नवरा; तो जाऊन बरीच वर्षं झाली. माझा मुलगा पुण्याहून निघाला होता, पण तो पोचेपर्यंत नणंदेचं माहेर म्हणजे मी. एकटी.

पण त्या दिवशी मी एवढी ताठ का बसले ते कळायला आधी माझं जुनं शहाणपण सांगायला हवं. ते ऐकलंत की मला कोणी शूर वगैरे म्हणणार नाही.

मी लग्न होऊन तेर गावी आले तेव्हा त्या गल्लीत सातवी शिकलेली सून मी एकटी. त्यामुळं मला सगळंच माहीत असायचं. ग्रहण का लागतं, मुंबईत समुद्र केवढा आहे, इंजेक्शनात काय असतं, काहीही विचारा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझे सासरे शेतात वीज पडून गेले. तेव्हा तालुक्याहून डॉक्टर आले आणि शेतातच, चहूबाजूंनी सतरंज्या धरून, त्यांनी सासऱ्यांचं पोस्टमार्टम केलं. तेव्हा तसंच करायचे. आम्ही बायका घरी. मी चुलीपुढं बसून सगळ्यांना समजावलं की डॉक्टर आतलं काळीज, मूत्रपिंडं सगळं काढून मुंबईला पाठवतात आणि माणसात पेंढा भरून शिवून देतात. पुस्तकात वाचलंय, असंही ठोकून दिलं. माझ्या सातवीच्या पुस्तकात शरीर नावाचा एक धडा होता खरा, पण त्यात पेंढा कुठून येणार?

नणंद तेव्हा परकरातली पोर, शाळेत जायची. तिला मी कामाला लावलं. तिरडी उचलताना जवळ उभी राहा आणि आवाज ऐक, म्हटलं. ती धावत आली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "वैनी, सळसळ झाली." झालं. माझं शास्त्र सिद्ध. आता तिरडीवर कडबा अंथरलेला असतो, तो सळसळणारच, हे आम्हा दोघींच्या डोक्यात यायला पुढं कित्येक वर्षं लागली. तोवर माझी अर्ध्या तालुक्याला पेंढ्याची गोष्ट सांगून झाली होती. गावात कुणाचं पोस्टमार्टम व्हायचं म्हटलं की बायका आधी मला विचारायला यायच्या आणि मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, नका करू देऊ. तज्ज्ञच की मी.

तर अशी मी. आणि सळसळ ऐकणारी ती पोर लग्न होऊन उमरग्याच्या बाजूला, हमरस्त्यापासून आत एका गावात गेली. विधवा झाली, सासू झाली, माझ्याशी फोनवर तासन्‌तास बोलू लागली. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी जवळच्याच गावात दिलेली. मुलाची बायको तरतरीत, हाताला चव असलेली, तोंडानं जरा फटकळ. सासूही फटकळ. दोघींचं खटकलं की गल्ली ऐकायची आणि सायंकाळी दोघी एका ताटात जेवायच्या. नणंद मला सांगायची, माझ्याशी भांडायला कुणी तरी हवं ना घरात.

त्या सकाळी तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा फोन आला. आई गेली, मामी, एवढंच म्हणाला. सकाळी उठून चहा पिली, थोड्या वेळानं उलटी झाली, दरदरून घाम फुटला आणि पडली. जीपमध्ये घालून तालुक्याला नेईपर्यंत वाटेतच संपलं. तुम्ही येईपर्यंत थांबतो, म्हणाला.

मी डोळे पुसले, पदर खोचला आणि एसटी धरली. धाराशिवला गाडी बदलायची होती, तेवढ्यात बाजारात जाऊन जांभळं इरकल घेतलं. दुकानदार म्हणाला, आजी, विधवा बाई ना, मग फिकं न्या. मी म्हटलं, तिला जांभळं आवडायचं, तुला काय आवडतं ते तुझ्या वेळी बघू. पुढची गाडी तुळजापूर, नळदुर्ग, अणदूर करत निघाली. वाटेत मी रडून घेतलं. पुढं रडायला वेळ मिळणार नाही असं मनात येत होतं आणि तसंच झालं.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली आमची माणसं बसली होती. एकीकडं बाप्ये, एकीकडं बायका, आणि दोन्हींपासून लांब, भिंतीला टेकून, एकटी नणंदेची सून. तिची लहानगी पोर मात्र दुसऱ्याच बाईच्या मांडीवर. मयताच्या घरात सुनेला कुणी असं एकटं बसवत नाही.

भाची, म्हणजे नणंदेची लेक, माझ्या गळ्यात पडली आणि कानात सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी सासू-सुनेचं कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हैस विकण्यावरून. रागाच्या भरात सून म्हणाली होती, एकदाच्या मरा म्हणजे सुटले. गल्लीनं ऐकलं. आणि सकाळी चहा तिनंच दिला. "मामी, हिनंच काय तरी घातलं चहातून."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? ती म्हणाली, डॉक्टरीणबाई पोस्टमार्टम करा म्हणतात. पण थोरल्या काकांनी नको म्हटलंय. आईची चिरफाड नको आणि घराची अब्रू पण जायला नको. पोलिसाला सांगायचं, जुनं पित्त होतं, आमची काही शंका नाही. आजच्या आज अग्नी द्यायचा. मग दहावं-तेरावं झालं की सुनेला तिच्या माहेरी घालवून द्यायचं, कायमचं. पोर इथंच ठेवायची. घरातलं घरात मिटेल.

आणि तुझा भाऊ काय म्हणतो? भाचा खाली मान घालून मातीत काडीनं रेघा ओढत होता. त्यानं आई आणि बायको एकाच सकाळी गमावली होती आणि त्याला एकीचंच कळलं होतं.

मी सुनेकडं बघितलं. एकदाच्या मरा हे वाक्य मी माझ्या सासूला मनातल्या मनात आठवड्यातून दोनदा तरी म्हटलं असेल, सणाच्या दिवसांत जास्त. त्यावर कुणी मेलं असतं तर आमच्या गल्लीत एकही सासू उरली नसती. पण मन मोकळं करून ते मोठ्यानं बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी सासूनं खरंच जायचं, याच्याइतकं वाईट नशीब बाईला दुसरं नाही. ती अग्नीनंतर माहेरी गेली असती तर जन्मभर सासूला विष घालणारी म्हणूनच जगली असती. तिच्या पोरीला शाळेत तेच ऐकावं लागलं असतं. आणि मग कुणाला काही दाखवायला उरलंच नसतं, राखेत काय बघणार?

हे सगळं मला लगेच कळलं असं समजू नका. मला फक्त एवढंच वाटलं की हे बरोबर नाही. मग मी उठून डॉक्टरीणबाईंकडं गेले.

माझ्या नातीच्या वयाची पोर. दोन रुग्णांच्या मध्ये उभ्याउभ्या बिस्किटं खात होती. मी म्हटलं, बाई, मी मेलेलीची भावजय, मला नीट सांगा, तुम्ही हे कधी करता आणि कसं करता. ती जरा चमकली. म्हणाली, आजी, असं विचारायला कुणी येत नाही, करू नका एवढंच सांगायला येतात.

तिनं समजावलं ते असं. अपघात, भाजणं, विषबाधा, सर्पदंश, असलं काही असेल किंवा माणूस आणण्याआधीच गेलेलं असेल आणि कारण कळत नसेल, तर दवाखाना पोलिसांना कळवतो. पोलीस पंचनामा करतात आणि शंका असेल तर शवविच्छेदन करा असं डॉक्टरांना लेखी सांगतात. त्याला घरच्यांची संमती लागत नाही. दुसरं एक असतं, माणूस दवाखान्यातच उपचार घेताना गेलं आणि नेमका आजार काय होता हे डॉक्टरांना समजून घ्यायचं असतं. ते मात्र घरच्यांनी हो म्हटलं तरच. "ते मी दोनदा मागून बघितलं, आजी. दोन्ही वेळा मारायला धावले लोक." ती हसली आणि पुन्हा गंभीर झाली. तुमच्या नणंदेवर मी उपचार केलेले नाहीत, कारण मला माहीत नाही, ते मी लिहू शकत नाही. तसं मी पोलिसांना कळवलंय. पण घरचे सगळे एकमुखानं पित्त म्हणतायत, शंका नाही म्हणतायत. जमादारसाहेब थांबलेत ते फक्त माहेरच्या माणसासाठी.

मी जरा घुटमळले आणि विचारलंच. पेंढा भरता का?

तिनं तोंडावर हात धरला. नाही आजी, म्हणाली. पुढून मधोमध एक छेद घेतो, मानेखालून ओटीपोटापर्यंत. डोकं बघायचं असलं तर मागून, केसांत. एकेक अवयव बाहेर काढून बघतो, वजन करतो, कापून आत काय झालंय ते पाहतो. विषाची शंका असली तर पोटाचे, लिव्हरचे थोडे तुकडे तपासायला काढून ठेवतो. बाकी सगळं परत आत ठेवून शिवतो, धुतो. चेहऱ्याला काही होत नाही. लुगडं नेसवलं की बाहेरून काही दिसत नाही.

एवढं सगळं एका दमात ऐकून माझी सातवी संपली. मी बाहेर आले आणि बाकड्यावर बसले.

नणंदेचे थोरले दीर, म्हणजे भाचीचे ते थोरले काका, आले. भारदस्त माणूस, गावात शब्दाला वजन. पूर्वी ग्रामपंचायतीत होते. म्हणाले, अक्का, बरं झालं आलात, जमादाराला दोन शब्द सांगा आणि चला, घरी नेऊन आंघोळ घालू, तुम्ही लुगडं घाला, दिवस आहे तोवर उरकू.

मी म्हटलं, "पाव्हणं, लुगडं पिशवीतच राहील. आधी डॉक्टरला बघू द्या ती कशानं मेली."

त्यांना आधी वाटलं मी दुःखात बरळतेय. त्यांनी समजावलं. मग भाच्यानं समजावलं. मग भाचीनं पाय धरले, मामी, आईला फाडू नका. मी तिला उठवून शेजारी बसवलं आणि विचारलं की तुला खात्री आहे ना चहात काही होतं म्हणून? ती म्हणाली, व्हय. मग बघायला काय हरकत आहे? बाई, एकतर तुझ्या भावजयीवर ठेवलेला आळ उचल, नाहीतर डॉक्टरला बघू दे. आळही ठेवायचा आणि बघायचंही नाही, हे दोन्ही तुला मिळणार नाही. ती रडत राहिली. मी तिच्या वयाची असते तर हेच केलं असतं, वर पेंढ्याची गोष्टही सांगितली असती.

मग थोरले दीर चिडले. लुगडं काय तुमच्याकडंच हाय व्हय, उमरग्यात दुकानं पडलीत, आमी आणतो. आणि इथंच त्यांचं चुकलं. बायकांच्या घोळक्यात त्यांच्या गल्लीतली एक म्हातारी होती, नणंदेची रोजची बोलाचालीतली. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "माहेर दारात बसलंय अन् तुम्ही बाजारातलं घालता व्हय? आमी न्हाय हात लावायच्या तिला." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. बाईला आंघोळ घालायची बायकांनी, नेसवायचं बायकांनी. त्यांनी हात आखडला की झालं. थोरले दीर एवढे मोठे, शंभर माणसं गोळा करतील, पण मेलेल्या बाईला नेसवायला एक बाई आणू शकत नव्हते.

तेव्हा तो सगळा घोळका माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले.

जमादार बराच वेळ लांबून बघत होता. तो आला आणि रीतसर विचारलं, आजी, तुम्ही माहेरच्या ना, तुमची काही शंका आहे का?

"आहे," मी म्हटलं.

कुणावर?

"माणसावर न्हाय. एवढी धडधाकट बाई चहा पिऊन मरते, ते मला पटत न्हाय. कशानं मेली ते कळू द्या."

तो लिहू लागला. आणि तेवढ्यात भिंतीपासची सून उठली. तिला फक्त शंका हा शब्द ऐकू गेला होता. ती धडपडत आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. म्हणाली, मामी, तुम्हीबी? तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. सगळ्या जगानं सोडलं तरी मी सोडणार नाही असं तिला वाटलं असावं, आणि आता मीच पोलिसाला सांगत होते. मला तिला जवळ घेऊन सांगायचं होतं की पोरी, तुझ्याचसाठी करतेय. पण तसं सगळ्यांसमोर बोलले असते तर भावकीनं लगेच म्हटलं असतं, बघा, म्हातारी सुनेला सामील आहे. मग माझ्या शंकेला कोण विचारतंय?

म्हणून मी कोरड्या तोंडानं म्हटलं, चहा तू दिलास ना? मग त्यात काय होतं ते तुझ्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही. तूच सांग, डॉक्टरला बघू द्यायचं का?

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला उमगलं. डोळ्यांतलं पाणी तसंच, पण पाठ ताठ झाली. ती उठून जमादारासमोर गेली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "करा म्हणते मी. अन् घरी चहाचं पातेलं तसंच पडलंय, घासलं न्हाय. ते पण घेऊन जा."

थोरले दीर काही बोलायला गेले तर जमादार म्हणाला, काका, आता झालं, आता माझ्या हातात काही नाही. त्यानं एक शिपाई पातेलं आणायला गावात धाडला. दोन बायका पंच घेतल्या, महिला पोलीस बोलावली, नणंदेला पाहून अंगावर जखमा-वळ काही नाहीत अशी नोंद केली. भाच्यानं ही माझीच आई म्हणून ओळख पटवली. जमादारानं डॉक्टरीणबाईंना कागद दिला. दवाखान्याच्या मागं एकटी खोली आहे, जाळीच्या खिडक्यांची. दिवस उतरायच्या आत व्हायला हवं म्हणून त्या लगेच आत गेल्या आणि दार लागलं.

ते दार बंद झाल्यावर मात्र माझं काही खरं नव्हतं. आतापर्यंत मी मोठ्या थाटात बसले होते. आता एकदम मनात आलं, आणि आत खरंच काही निघालं तर? मी सुनेला ओळखते ते वर्षातल्या चार दिवसांपुरती. फटकळ आहे, हाताला चव आहे, एवढंच. तिनं घासलं नाही ते पातेलं शिपायानं आणलं, पिशवीत बांधून. मी त्या पिशवीकडंसुद्धा बघू शकत नव्हते. शेवटी बघितलं सुनेकडंच. ती आता पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला न विचारता तिनं ती त्या बाईकडून उचलून आणली होती आणि त्या बाईनं दिली होती. पोर झोपली होती, सून तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. घाबरलेली बाई अशी बसत नाही. मला धीर आला, तो तिच्याकडून आला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम होता. त्यांनी आधी जमादाराला बाजूला नेऊन सांगितलं, मग आम्हाला बोलावलं. मी, भाचा, भाची, थोरले दीर. सुनेला कुणी बोलावलं नाही, तर मीच हाताला धरून आणलं.

त्या म्हणाल्या, हृदयाची भिंत फाटली होती. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, ती रक्तानं गच्च भरली होती, त्यामुळं ठोके पडायला जागाच उरली नाही. "हा झटका आजचा नाही. त्या भागाचा स्नायू मऊ होऊन पिवळा पडलाय, त्याला काही दिवस लागतात. आज सकाळी तिथूनच फाटलं." पोटात विषासारखं काही दिसलं नाही. तरी शंका नोंदवली आहे म्हणून नमुने आणि ते पातेलं तपासायला जाईल, ते उत्तर सावकाश येईल. पण मरणाचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाल्या.

भाची आधी नुसती ऐकत होती. मग म्हणाली, काही दिवस म्हणजे, आई तेव्हा माझ्याकडं होती. छातीत जळतंय म्हणाली, घाम आला, डावा हात दाबून घेत होती. मी ओवा दिला. पित्त म्हणून ओवा दिला मी तिला.

आता सगळ्यांची नजर तिच्याकडं वळणार हे मला दिसलं. एकीवरचा आळ उचलून दुसरीवर ठेवायला माणसांना फार वेळ लागत नाही. पण डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या की म्हाताऱ्या बायकांमध्ये हे पुष्कळदा पित्तासारखंच येतं, घरात कुणाला कळलं नसतं, कुणाचा दोष नाही. आणि सून, जिला सकाळपासून एक माणूस चांगलं बोललं नव्हतं, तिनं जाऊन आपल्या नणंदेला, म्हणजे माझ्या भाचीला, मिठीत घेतलं. दोघी अशा काही रडल्या की महिला पोलिसानंही डोळे टिपले.

थोरल्या दिरांकडं मी मुद्दाम बघितलं नाही. म्हणजे थोडं बघितलं. ते टोपी काढून हातात फिरवत होते.

मग मी पिशवी उघडली. गावी नेऊन बायकांनी आंघोळ घातली आणि आम्ही तिला जांभळं इरकल नेसवलं. छातीवरची शिवण मी पाहिली, बारीक, सरळ, मी गोधडीला घालते त्यापेक्षा नीट. चेहरा तिचाच होता. निऱ्या सुनेनं घातल्या. मी म्हटलं, तुझ्या हातानंच घाल, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सूर्य मावळायच्या आत बाप्ये तिला घेऊन गेले, ऐनवेळी पोचलेला माझा मुलगाही त्यांच्यात होता.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला काही महिने गेले. विष नाही, नमुन्यांतही नाही आणि पातेल्यातही नाही. भाच्यानं फोन करून सांगितलं. तोवर कुणाला त्याची गरज उरली नव्हती, पण मला होती. मी ते उत्तर फोन करून जिला जिला पूर्वी पेंढ्याची गोष्ट सांगितली होती, त्यातल्या ज्या अजून जिवंत आहेत त्या सगळ्यांना सांगितलं. त्यातली एक बहिरी आहे, तिला दोनदा सांगितलं.

माझा भाचा बायकोपुढं खूप दिवस वरमून वागला. तिनं त्याला वरमू दिलं, घाई केली नाही. शहाणी आहे.

पुढच्या वर्षी त्यांच्या गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई म्हातारपणामुळं सुटली. नवी बाई नेमायची होती. गावात बैठक बसली. असल्या कामाला बाई निवडताना गाव फार बारीक बघतं, कारण सगळ्यांची पोरं तिच्या हातचं खाणार. बैठकीत नाव सुचवलं थोरल्या दिरांनी. आपल्या पुतणसुनेचं. एकानंही हात खाली ठेवला नाही.

मागच्या महिन्यात मी त्या गावी गेले तेव्हा मुद्दाम शाळेच्या सुट्टीच्या वेळेला गेले. पटांगणात पोरांच्या रांगा बसलेल्या, समोर ताटल्या. सून पदर खोचून मोठ्या पळीनं वाढत होती, कुणाला दटावत, कुणाला जास्त घालत. थोरल्या दिरांचा नातू दुसऱ्यांदा मागायला उभा राहिला तर तिनं त्याला आधीचं संपव म्हणून खाली बसवलं, आणि तो बसला. मला बघून तिनं हातातली पळी तशीच वर धरली आणि विचारलं, मामी, वाढू का? मी पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले आणि एक ताटली मागितली.